फ्यूजकाकांचा न पोचलेला विरोध

फ्यूजकाका रागीट आहेत ही गोष्ट इमारतीत सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त फ्यूजकाकांना. आपण वीज खात्यात उभी हयात काढली म्हणून लोक आपल्याला आदराने हे नाव देतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ते स्वतःबद्दल म्हणत, "मी चिडत नाही. मी मोठ्याने आणि स्पष्ट बोलतो." असा हा मोठ्याने आणि स्पष्ट बोलणारा माणूस भर सभेत घसा फाटेपर्यंत ओरडला आणि त्यातला एक शब्दही कुणाच्या कानावर पडला नाही. माणसाचं डोकं फिरायला आणखी काय लागतं?

प्रकरण मामांवरून सुरू झालं. मामा म्हणजे इमारतीचे पहारेकरी. फाटकाशेजारच्या स्टुलावर ते इतकी वर्षं बसत होते की स्टुलाला त्यांच्या बसण्याचा आकार आला होता. एके दिवशी जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली, की फाटक आता आपोआप उघडेल, कॅमेरा बसेल आणि पहारेकऱ्याची गरज उरणार नाही. सूचना काकांनी दोनदा वाचली. पहिल्यांदा मनात आणि दुसऱ्यांदा, सवयीप्रमाणे, चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी.

"मामा," ते फाटकाशी जाऊन म्हणाले, "तुम्ही निर्धास्त राहा. सभेत मी बोलतो. मी असताना तुम्हाला कोण काढतो ते बघतो."

मामा उभे राहिले. "काका, तुम्ही बोललात म्हणजे झालंच," म्हणाले. या वयात दुसरीकडे कुठे कुणी ठेवून घेणार नाही, हे ते बोलले नाहीत. ते बोलायची गरजही नव्हती.

आता पूर्वीच्या सभा असत्या, तर काम सोपं होतं. पूर्वी सभा खाली गाड्या लावायच्या जागेत भरायची. लोक आपापल्या घरून खुर्च्या आणायचे, काका उभे राहून बोलायचे आणि लोक खुर्च्या उचलून घरी जायचे. ठराव तिथेच राहायचा. नवे सचिव आले आणि त्यांनी सभा संगणकावर नेली. प्रत्येकाने घरात बसायचं, पडद्यावर चौकोनात दिसायचं आणि आपली पाळी आली की बोलायचं. नियम असा, की ज्याचा विरोध ऐकू येणार नाही त्याची संमती धरली जाईल. ठराव तीन सभांत वाचायचा, तिसऱ्या सभेनंतर पक्का. लेखी विरोध चालणार नाही, कारण मागे एकाने सोळा पानी विरोध दिला होता. (तो काकांनीच दिला होता, पण ते असो.) सभेच्या पडद्यावर लिहायची सोयही सचिवांनी बंद करून टाकली होती, कारण तिथे लोक चर्चा सोडून एकमेकांना फुलांची चित्रं पाठवत.

काकांच्या घरी संगणक होता. मुलगा परगावी नोकरीला जाताना मागे ठेवून गेला होता. त्याला मान वाकडी करून उभा राहणारा एक माइक होता. घरातले दोन्ही फोन मात्र बटणाचे, त्यामुळे सगळी भिस्त संगणकावर.

रविवारी सकाळी सभा सुरू झाली. काकांनी शर्ट बदलला होता, भाषण पाठ केलं होतं. सचिवांनी ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाचा विरोध?"

"माझा!" काका गरजले. "माझा विरोध आहे! ज्या माणसाने या इमारतीची..."

"कुणाचा विरोध?" सचिवांनी पुन्हा विचारलं.

"अहो, माझा! इकडे! खालच्या रांगेत!" काकांनी दोन्ही हात हलवले. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना वाटलं, काका नमस्कार-चमत्कार करताहेत. त्यांनीही हसून हात हलवला.

"काका काही म्हणताहेत का?" सचिव म्हणाले. "काका, तुमचा माइक तर चालूच दिसतोय. बोला ना. नुसते ओठ हलवू नका."

नुसते ओठ! काका असे काही ओरडले की स्वयंपाकघरातून काकू पळत आल्या. शेजारच्या दारातला कुत्रा भुंकायला लागला. कुत्र्याचं भुंकणं विमावाल्यांच्या माइकमधून सगळ्या सभेला स्वच्छ ऐकू गेलं. काकांचं बोलणं कुणालाही गेलं नाही.

"विरोध नाही," सचिव म्हणाले. "पहिलं वाचन मंजूर."

दुपारी काका खाली गेले तेव्हा मामांनी विचारलं, "काका, बोललात का?"

"बोललो! चांगला बोललो! फाडून काढलं एकेकाला!"

मामा खाली बघत म्हणाले, "मास्तरीणबाई म्हणाल्या, कुणीच काही बोललं नाही. तुम्ही हसत होतात म्हणे."

फ्यूजकाकांना आयुष्यात पुष्कळ जण पुष्कळ काही म्हणाले होते. उद्धट म्हणाले, हेकट म्हणाले, एका वरिष्ठाने तर लेखी भांडखोर म्हटलं होतं. पण खोटारडा कुणी म्हटलं नव्हतं, आणि मामांनीही म्हटलं नाही. ते फक्त स्टुलावर बसले आणि फाटकाकडे बघू लागले. काका जिना चढून वर आले ते थेट संगणकासमोर बसले आणि त्याच्याकडे असं बघत राहिले, जसं एखाद्या दगाबाज मेव्हण्याकडे बघावं.

समोरच्या दारातले विमावाले सल्ला द्यायला हजर झाले. हा माणूस विमा कमी आणि सल्ला जास्त विकायचा. "काका, माइकला ओल लागली असणार. तांदळाच्या डब्यात ठेवा."

माइक तांदळात गेला. बाहेर आला तो छिद्राछिद्रांत तांदूळ अडकवून. काकूंनी सुईने एकेक दाणा काढला आणि त्या काळात एक शब्दही बोलल्या नाहीत. काकांच्या मते तो सर्वांत भयंकर आवाज होता.

मग विमावाले म्हणाले, टेबल लोखंडी आहे म्हणून. टेबल बदललं. मग म्हणाले, तुम्ही फार जवळून बोलता. मग म्हणाले, फार लांबून बोलता. शेवटी म्हणाले, "काका, राग मानू नका, पण तुमचा आवाजच असा आहे की यंत्र घाबरून गप्प बसत असेल." इथे काकांनी त्यांना दार दाखवलं. त्यांचं घर समोरच असल्यामुळे त्यांना लांब जावं लागलं नाही.

शेवटी काकांनी स्वतः शोध लावला. संगणकात मिक्सर नावाचा एक प्रोग्राम होता. त्यात उभ्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर वरखाली सरकणारं बटण. माइकच्या पट्टीवरचं बटण तळाला, शून्यावर जाऊन बसलं होतं. काकांनी ते वर ढकललं. पुतणीला संगणकावरून हाक मारली, तर तिने दचकून कानावरचं काहीतरी काढलं. "काका, हळू! ऐकू येतंय!"

काका खूश झाले. संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी सुरू केला, तर बटण पुन्हा शून्यावर.

त्यांनी वर ढकललं. बंद केला, सुरू केला. शून्यावर.

"मग रोज सभेआधी वर ढकला की," काकू म्हणाल्या. "एका बोटाचं काम आहे."

काकांचं खरं दुखणं इथे होतं. "रोज ढकलू? मी त्याला एकदा सांगितलंय! आवाज एवढा ठेव म्हणून एकदा सांगितलं की विषय संपला. बाकीचं सगळं याच्या लक्षात राहतं. पडद्यावरचं चित्र लक्षात राहतं, घड्याळ लक्षात राहतं, गेल्या वर्षी मी एकदाच खेळलेला पत्त्यांचा डाव लक्षात राहतो. फक्त माझा आवाज विसरतो? मी काय याचा नोकर आहे?"

"बटण ढकललं की नोकर होत नाही माणूस."

"प्रश्न बटणाचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

घरात तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला की काकू भाजी निवडायला बसत. त्यांनी भाजी ओढली.

तरीही दुसऱ्या सभेच्या सकाळी काकांनी तत्त्व तात्पुरतं बाजूला ठेवून, कुणी बघत नाही असं पाहून, बटण वर ढकललं. मग सभेला अजून अवकाश आहे, उगाच यंत्र तापायला नको, म्हणून संगणक बंद केला. सभेच्या वेळी सुरू केला. पुढचं सांगायलाच नको.

"कुणाचा विरोध?"

काकांचे ओठ हलले. हात हलले. खुर्ची हलली. मिक्सर उघडायला ते धावले, तर संगणक एक गोल चक्र फिरवत विचार करत बसला. "काका आज व्यायाम करताहेत वाटतं," कुणीतरी म्हणालं आणि सगळे चौकोन हसले. तेव्हा काका उठले, जिना चढून सचिवांच्या दारावर गेले आणि मुठीने दार बडवलं. सचिवांनी दार किलकिलं केलं.

"माझा विरोध आहे!"

"काका, सभा आत चालू आहे. विरोध सभेत करा."

"सभेत आवाज जात नाही!"

"मग तो सभेतला विरोध कसा होईल?" सचिवांनी अत्यंत सभ्यपणे दार लावून घेतलं. दुसरं वाचनही मंजूर झालं आणि नोंद झाली ती एवढीच, की बाहेरून दारावर अडथळा आला.

आता उरली एकच सभा. मामांनी विचारायचं सोडून दिलं होतं. काका फाटकातून गेले की ते उठून उभे राहायचे, पहिल्यासारखेच, आणि काकांना तेच सोसवत नसे.

काकांनी संगणक उचलला, रिक्षात घातला आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला. काकूही बरोबर गेल्या, कारण काका दुरुस्तीवाल्याशी काय बोलतील याची त्यांना कल्पना होती. दुरुस्तीवाला तरणाबांड आणि स्वतःवर बेहद्द खूश असलेला इसम होता. त्याने बटण वर केलं, संगणक बंद केला, सुरू केला. बटण जागच्या जागी. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. जागच्या जागी.

"मशीन एकदम फर्स्टक्लास आहे, काका. तुमच्या घरातच काहीतरी असेल. वास्तू-बिस्तू बघून घ्या."

"मी वीज खात्यात होतो!" काका कडाडले. "माझ्या घरातल्या वायरिंगवर बोट ठेवणारा अजून जन्माला यायचाय!"

संगणक घरी आला. एकदा बंद करून सुरू केला. शून्यावर. परत दुकानात नेला. उत्तम. घरी. शून्यावर. दुकानातून घरी येताना तो रस्त्यात कुठेतरी बिघडतो, हे विमावाल्यांचं मत होतं, आणि काका ते जवळजवळ मान्य करायला आले होते.

तिसऱ्या खेपेला काका दुकानात नुसते हाताची घडी घालून उभे राहिले. दुरुस्तीवाल्याने बंद करायचं बटण दाबलं आणि तो फोनवर कुणाशी तरी बोलायला लागला. पडदा काळा झाला नाही. त्यावर एक ओळ आली. काकांनी चष्मा पुढे ओढला. वाचायला ते उशिरा शिकले होते, खात्यात लागल्यानंतर, म्हणून समोर दिसेल ती अक्षरं शेवटपर्यंत वाचल्याशिवाय ते सोडत नसत. ओळ होती: सेटिंग्ज जतन होत आहेत, कृपया थांबा.

ही ओळ काकांनी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

पाहणार कुठून? काकांच्या घरात, बंद करायचं बटण दाबलं रे दाबलं की काका खाली वाकून भिंतीवरचा स्विच खटकन बंद करत. इस्त्री असो, पंखा असो, टीव्ही असो, भिंतीवरचा स्विच बंद झाल्याशिवाय वस्तू बंद झाली असं ते मानत नसत. खात्यातल्या त्यांच्या हाताखालच्या माणसांना त्यांनी हे घोकून घोकून शिकवलं होतं. इमारतीत घरोघर जाऊन शिकवलं होतं. संगणक बिचारा जाता जाता काकांचा आवाज कुठे ठेवायचा ते बघत असे आणि काका त्याच क्षणी त्याचा गळा दाबत. सकाळी तो उठे तेव्हा त्याला काही आठवत नसे.

काकांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, मग पुन्हा लाल झाला. दुरुस्तीवाला फोन ठेवून म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही," काका म्हणाले. "वायर सैल होती. चला."

काकूंनी पडद्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. रिक्षात बसल्यावर त्या बाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

"हसतेस काय?"

"नाही बाई. रस्त्याला खड्डे आहेत."

त्या दिवसापासून काका स्विचला हात लावत नसत. ओळ येई, ते हात मागे बांधून उभे राहत, आणि ओळ जाईपर्यंत दात-ओठ खात. पण बटण जागेवर राहिलं. आवाज राहिला.

तिसरी सभा. "शेवटचं वाचन," सचिव म्हणाले. "कुणाचा विरोध?"

"माझा," काका म्हणाले, आणि सगळे चौकोन दचकले. काकांना स्वतःलाही क्षणभर बरं वाटलं. मग ते बोलले. मामांनी कुणाच्या गॅसचा वास ओळखून दार फोडलं, पाण्याची टाकी वाहू लागली तेव्हा कोण धावलं, सगळं बोलले. बोलणं थांबवलं तेव्हा त्यांना श्वास लागला होता.

"नोंद घेतली," सचिव म्हणाले. "विरोध एक. आणखी कुणी?"

कुणीही बोललं नाही. काकांनी एकेक चौकोन बघितला. प्रत्येकाच्या चौकोनातल्या माइकच्या चित्रावर लाल रेघ होती, म्हणजे माइक बंद. ज्याने त्याने स्वतःच्या हाताने मारून घेतलेली. मास्तरीणबाई टेबलावरचं काहीतरी पुसत होत्या. विमावाले, जे जिन्यात काकांना म्हणाले होते "आमचा पाठिंबा गृहीत धरा," ते वर छताकडे बघत होते. यांच्या घरी वीज होती, माइक होते, पट्ट्या वर होत्या. काकांनी इतके दिवस एका निर्जीव डब्यावर राग काढला होता. त्या डब्याची त्यांना एकदम कीव आली.

"तोंडं आहेत ना रे तुम्हाला!" एवढं बोलून ते उठले आणि तीरासारखे जिना चढून वर गेले. सचिवांच्या दारावर आता मूठ नाही, लाथ घालायची असं त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच ठरवलं.

दारासमोर स्टुलावर मामा बसले होते.

"काका, सभा चालू आहे," मामा उभे राहत म्हणाले. "आत कुणाला सोडायचं नाही असं सचिवसाहेबांनी सांगितलंय."

"मामा! अहो, आत तुमचंच चाललंय! तुम्हालाच काढताहेत!"

"कळतंय, काका."

"मग बाजूला व्हा!"

"सांगितलंय ना पण." मामांनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. धाप लागलीये तुम्हाला."

काकांना या माणसाला मिठी मारावी की जिन्यावरून ढकलावं, ते कळेना. शेवटी ते बसले. दाराआड सचिवांच्या संगणकाचा आवाज मोठा लावलेला होता. सचिव म्हणत होते, "तर मग विरोध एक, बाकी सर्व संमत..."

"थांबा जरा," दाराआडून काकूंचा आवाज आला. काकांच्या संगणकातून निघून, वरच्या मजल्यावर येऊन. "मी बोलतेय. हे उठून गेलेत. जिन्यात कुठेतरी असतील, म्हणून जरा निवांत बोलता येईल."

"वहिनी, सभासद म्हणून नाव काकांचं..."

"घर दोघांच्या नावावर आहे. मास्तरीणबाई, आहात ना? तुमच्या सासूबाई जिन्यात पडल्या तेव्हा तुम्ही शाळेत होतात. मामांनी उचलून दवाखान्यात नेलं. कॅमेरा असता तर काय झालं असतं हो? पडल्याचं चित्र छान आलं असतं."

मामा स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मग एक टिक् असा आवाज झाला.

"माझा... विरोध आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"विमावाले?" काकू म्हणाल्या. "तुम्ही तर यांना शब्द दिला होतात."

टिक्. "अहो वहिनी, मी मघापासून विरोधच करतोय! माझा माइक जरा बिघडला होता..."

"खोटं!" फ्यूजकाका स्टुलावरून उडालेच. "खोटारडा! त्याचा माइक उत्तम चालतो! कुत्रा ऐकू येतो त्यातून! सोडा मला, मामा, याला आत्ता..."

मामांनी दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले आणि आडवे उभे राहिले. काकांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. वाट नव्हती. आत टिक्, टिक् असे आवाज होत होते आणि सचिव पडेल आवाजात मोजत होते, "चार... पाच... अहो, एकेक जण बोला..."

मध्येच ते ओरडले, "मामा! बाहेर कोण गोंधळ घालतंय?"

मामांनी काकांकडे बघितलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते म्हणून ते खांद्याला पुसले.

"कुणी नाही, साहेब," ते म्हणाले. "चालू द्या तुमचं."